बोहेमियाची पिपाणी

पिस्तूल आणि त्यात भरायचं काडतूस हे दोन्ही शब्द मराठीत पोर्तुगिजांच्या गलबतांतून उतरले, असं कोशकार मानतात. पगार, चावी, तुरुंग, घमेलं ही मंडळीही त्याच गलबतांतली. काडतुसाचं कूळ सरळ आहे. पोर्तुगीज ‘कार्तुशो’, त्यामागे इटालियन, आणि मुळाशी कागद, कारण पहिली काडतुसं कागदाच्या पुड्याच होत्या. पिस्तुलाचं प्रकरण इतकं सरळ नाही. ‘पिस्तोला’ हा शब्द पोर्तुगालच्या मातीतला नाही, आणि तो नेमका कुठला यावर युरोपात बराच काळ वाद चालू आहे. एक पक्ष इटलीकडे बोट दाखवतो, दुसरा बोहेमियाकडे, म्हणजे आजच्या चेक देशाकडे. मला दुसरा पक्ष पटतो. पण तो का पटतो हे कळायला १४२० ते १४३४ या काळात तिथे पेटलेल्या युद्धात शिरावं लागतं.

यान हुस हा प्राग विद्यापीठाचा रेक्टर आणि शहरातल्या बेथलेहेम प्रार्थनामंदिराचा प्रवचनकार. लॅटिन बाजूला ठेवून तो लोकांच्या चेक भाषेत बोले, आणि पैसे घेऊन पापं माफ करणाऱ्या चर्चवर कोरडे ओढी. १४१४ मध्ये त्याला कॉन्स्टन्सच्या धर्मसभेपुढे बोलावणं आलं. हंगेरीचा आणि जर्मनांचा राजा सिगिस्मुंड याने त्याला अभयपत्र दिलं होतं. ते अभयपत्र कागदावरच राहिलं. ६ जुलै १४१५ रोजी हुसला खांबाला बांधून जिवंत जाळलं आणि त्याची राख ऱ्हाइन नदीत टाकली. मागे काही उरू नये, पुढे कुणी त्याची पूजा मांडू नये, हा हेतू.

झालं उलटंच. हुसच्या अनुयायांनी द्राक्षारसाचा प्याला हेच आपलं निशाण केलं. चर्चच्या रिवाजात भाविकाला प्रसादाची फक्त रोटी मिळे, प्याला धर्मगुरूंसाठी राखीव असे. प्याला सगळ्यांना मिळालाच पाहिजे, ही मागणी. ऐकायला किरकोळ, पण देवासमोर पंगती वेगळ्या का, असा तिचा रोख होता आणि तो खेड्यातल्या माणसालाही बरोबर कळत होता. ३० जुलै १४१९ रोजी प्रागच्या नव्या शहरात मोर्चा टाऊन हॉलवर गेला आणि जमावाने तिथल्या कौन्सिलरांना खिडक्यांतून खाली फेकलं. ही बातमी ऐकून संतापलेला राजा वेन्सेस्लास दोनेक आठवड्यांत वारला. आता गादीचा वारस कोण? त्याचा सावत्र भाऊ सिगिस्मुंड. हुसला अभय देऊन जळू देणारा तोच हा. चेक लोकांनी त्याला राजा मानायला नकार दिला, आणि मार्च १४२० मध्ये पोप मार्टिन पाचवा याने बोहेमियाविरुद्ध धर्मयुद्ध पुकारलं. ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्ती लोकांवर, युरोपच्या ऐन मध्यावर काढलेली ही मोहीम होती.

या लढ्यातला कडवा गट लुझ्नित्से नदीकाठच्या एका टेकडीवर जमला. त्या वस्तीला त्यांनी बायबलमधल्या पर्वताचं नाव दिलं, ताबोर. नव्याने येणाऱ्याने आपला पैसाअडका चौकातल्या सामायिक पिंपात टाकायचा, असा सुरुवातीचा दंडक होता. शेतकरी, विणकर, लोहार, गाडीवान, बायकापोरं असा हा जमाव. समोर येणार होते नखशिखान्त पोलादात मढलेले सरदार आणि त्यांचे तसेच धिप्पाड घोडे. उघड्या मैदानात असा घोडेस्वार भाला रोखून दौडत आला की पायदळ फुटायचं, हा तीन-चारशे वर्षांचा अनुभव होता. त्यावर तोड काढली यान झिश्का याने. हा लहानसा जहागीरदार, साठीच्या घरातला, एका डोळ्याने आधीच अधू, उभी हयात चकमकींत घालवलेला.

त्याची युक्ती गाडीची होती. साधी चार चाकांची, माल वाहायची घोडागाडी. तिच्या बाहेरच्या अंगाला जाड फळ्या ठोकायच्या, चाकांमधली फटही फळीने बंद करायची, घोडे सोडायचे आणि गाडीला गाडी साखळदंडाने जखडून कोट उभा करायचा. प्रत्येक गाडीवर साधारण वीस माणसं. काहींकडे आडवी धनुष्यं, काहींकडे लांब भाले, काहींकडे मळणीचे सोटे. हे सोटे म्हणजे धान्य झोडपायचं घरचंच अवजार, टोकाला लोखंडी खिळे ठोकलेलं. आणि दोघांकडे बार काढायची नळी.

२५ मार्च १४२० रोजी सुदोम्येर्झ गावाजवळ या युक्तीचा कस लागला. झिश्काकडे जेमतेम चारशे माणसं आणि बारा गाड्या, त्यातही बायका-मुलं बरीच. समोर काही पट मोठं घोडदळ. त्याने एका तळ्याचा बांध आणि दलदल यांच्या मधली अरुंद जागा धरली आणि गाड्यांनी ती बुजवली. घोड्यांना पसरायला जागाच उरली नाही. स्वार उतरून चिखलातून पायी आले आणि चिलखताच्या वजनाने रुतले. बायकांनी आपल्या ओढण्या जमिनीवर अंथरल्या आणि सरदारांच्या टाचांच्या आऱ्या त्यात अडकल्या, अशीही कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, संध्याकाळी धुकं उतरलं तेव्हा कोट शाबूत होता आणि घोडदळ परत फिरलं होतं.

आता ती नळी. चेक भाषेत तिचं नाव पीश्त्याला. या शब्दाचा रोजचा अर्थ पिपाणी, पावा, शीळ घालायची नळी. लोखंडाची किंवा काशाची, एका तोंडाने बंद, हातभरही न भरणारी नळी, आणि तिच्या बुडाशी बसवलेला लांब लाकडी दांडा. दांडा काखेत दाबायचा. दारू ओतायची, गजाने ठासायची, वर गोळी. नळीच्या पाठीवर एक बारीक छिद्र, त्यावर चिमूटभर रंजक. मग निखाऱ्यात तापवलेली सळई नाहीतर धुमसता तोडा त्या छिद्राला टेकवायचा. चाप नाही, घोडा नाही, दस्ता नाही. एक हात दांड्यावर, दुसऱ्या हातात विस्तव, आणि डोळा छिद्रावर. मग नेम धरायचा कशाने? चाळीस-पन्नास पावलांपलीकडे गोळी कुठे जाईल हे देवच जाणे. एक बार काढून दुसरा भरेपर्यंत शेजारचा धनुर्धारी तीन-चार बाण मारून मोकळा होई.

मग उपयोग काय? एकट्यादुकट्या माणसाच्या हाती मैदानात खरोखर फारसा नाही. पण गाडीच्या फळीआडून, शांतपणे भरून, घोडा दहा पावलांवर आल्यावर काढलेला बार वेगळा. तिथे नेमाची गरजच नसते. आणि घोड्याने असा आवाज, असा धूर, अशी जाळाची जीभ कधी पाहिलेली नसते. मरणाऱ्या घोड्यांपेक्षा उधळणाऱ्या घोड्यांनी जास्त रांगा मोडल्या असणार. हुसपंथीयांच्या विजयाचं सगळं श्रेय बंदुकीला देणारे लेखक मला घाईचे वाटतात. खरा शोध गाडीचा होता. नळीला तिने भिंत दिली आणि वेळ दिला. मात्र गाडी कुणाला भीतीदायक वाटत नाही. पळून गेलेल्या सैनिकाने घरी जाऊन सांगितली असेल ती त्या नळीचीच गोष्ट.

तिची भावंडंही होती. कोटाच्या कडेवर अडकवायला खाली आकडा असलेली ती हाकोव्नित्से. गाड्यांच्या फटींतून घोळक्यावर मारा करायची आखूड, रुंद तोंडाची तोफ ती होउफ्नित्से, कारण चेकमध्ये ‘होउफ’ म्हणजे जमाव. हे दुसरं नाव जर्मनीत ‘हाउबिट्झ’ झालं, पुढे इंग्रजीत ‘हॉवित्झर’ झालं, आणि कारगिलच्या दिवसांत मराठी वर्तमानपत्रांत रोज छापून आलं. एकाच सैन्याच्या एका हत्याराचं नाव जगभर गेलं याबद्दल कुणाचा वाद नाही. मग दुसऱ्याचं का जाऊ नये?

१४२१ मध्ये राबी किल्ल्याच्या वेढ्यात बाण लागून झिश्काचा उरलेला डोळाही गेला. त्यानंतरची त्याची लढाई त्याच्या सर्वांत मोठ्या लढायांपैकी आहे. त्या वर्षीच्या डिसेंबरात कुत्ना होरा या चांदीच्या खाणींच्या शहराबाहेर सिगिस्मुंडाने त्याला घेरलं. शहराच्या वेशीही राजाच्या माणसांनी आतून उघडल्या होत्या. मागे शत्रू, पुढे शत्रू. आंधळ्या सेनापतीने गाड्यांना घोडे जुंपायला सांगितलं, रात्रीच्या अंधारात रांग केली आणि चालत्या गाड्यांवरून बार काढत वेढा फोडला. तोवर कोट हा बसून राहायचा प्रकार होता. त्या रात्री तो चालू लागला. महिना संपायच्या आत झिश्का उलटून आला, आणि जानेवारी १४२२ मध्ये राजाची फौज न्येमेत्स्की ब्रोदच्या बाजूला पळताना साझावा नदीवरचं बर्फ फुटून कितीतरी स्वार बुडाले.

११ ऑक्टोबर १४२४ रोजी झिश्का आजारपणात गेला. त्याचे सैनिक स्वतःला ‘अनाथ’ म्हणवू लागले. पुढची सूत्रं प्रोकोप होली या धर्मगुरूने घेतली, आणि १४३१ च्या ऑगस्टमध्ये दोमाझ्लित्से इथे तर धर्मयुद्धाची फौज हुसपंथीयांचं समरगीत आणि गाड्यांची घरघर ऐकूनच फुटली. मोहिमेबरोबर आलेले कार्डिनल चेझारिनी आपली टोपी, झगा आणि पोपचं फर्मान मागे टाकून निसटले. पाच धर्मयुद्धं अशी वाया गेली. शेवटी हुसपंथीयांना हरवलं ते हुसपंथीयांनीच. त्यांच्यातल्या मवाळ गटाने कॅथलिक सरदारांशी हातमिळवणी केली, आणि ३० मे १४३४ रोजी लिपानीच्या रणात पळण्याचं सोंग आणून ताबोरवाल्यांना गाड्यांबाहेर खेचलं. पाठलागासाठी साखळ्या सुटल्या, कोट उघडा पडला आणि घोडदळ आत घुसलं. प्रोकोप तिथेच पडला. दोन वर्षांनी तह झाला आणि प्याला सर्वांना मिळाला. ताबोरच्या पिंपातल्या समतेचं मात्र काही झालं नाही.

उरलेले शिपाई लढण्याशिवाय दुसरं काही जाणत नव्हते. ते भाडोत्री झाले. यान यिस्क्रा त्यांना घेऊन आजच्या स्लोव्हाकियात गेला, कुणी पोलंडमध्ये चाकरीला राहिले, कुणी हंगेरीच्या मात्याश राजाच्या काळ्या फौजेत भरती झाले. हत्यारं त्यांच्याबरोबर गेली आणि नावंही. शेजारच्या सायलेशियातल्या जर्मन कागदपत्रांत त्याच शतकात ‘पिशुले’ यासारखी रूपं आढळतात. चेक नळी जर्मन लेखणीतून गेली की अशीच दिसणार.

इटलीच्या पक्षाचं म्हणणं असं. फ्लॉरेन्सजवळ पिस्तोइया नावाचं गाव आहे, लोहारकामासाठी प्रसिद्ध. फ्रेंच पंडित आंरी एस्तियेन याने सोळाव्या शतकात लिहून ठेवलं की त्या गावच्या लहान खंजिरांना गावाचं नाव पडलं, मग लहान बंदुकांना तेच नाव लागलं, मग लहान आकाराच्या सोन्याच्या नाण्यांना. उद्या बुटक्या माणसांनाही पिस्तोले म्हणाल, अशी कोपरखळीही त्याने मारली. गोष्ट झकास आहे, आणि एवढी झकास आहे म्हणूनच मला तिचा संशय येतो. अंगाला बेतून शिवल्यासारख्या व्युत्पत्ती बहुधा मागाहून शिवलेल्या असतात. शिवाय नळीवरून हत्याराचं नाव पडणं ही जगाची रीतच आहे. इंग्रजी ‘कॅनन’च्या मुळाशीसुद्धा वेताची पोकळ नळी आहे. बोहेमियाच्या पक्षात एक भोक आहे, ते मान्य केलं पाहिजे. पीश्त्याला दोन हातांची, काखेत धरायची. पिस्तूल एका हाताचं, कमरेला खोचायचं. या दोहोंत शंभर वर्षांचं अंतर आहे. पण नाव जुनंच ठेवून वस्तू पार पालटते, हे आपल्या हातातल्या फोनकडे पाहिलं तरी कळतं. आज बहुतेक भाषाशास्त्रज्ञांचं पारडं बोहेमियाकडेच झुकतं.

वस्तू पालटली ती एका चाकामुळे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनी-इटलीच्या कारागिरांनी घड्याळाच्या यंत्रासारखा एक चाप तयार केला. दातेरी पोलादी चाक स्प्रिंगने आवळायचं. चाप ओढला की ते गर्रकन फिरतं, त्यावर दाबलेल्या खनिजाच्या खड्यातून ठिणग्या उडतात आणि रंजक पेटते. धुमसता तोडा बाळगायची गरज संपली. धूर नाही, वास नाही, अंधारात लाल ठिपका नाही. बंदूक भरून ठेवता येऊ लागली, झग्याखाली लपवता येऊ लागली. राज्यकर्त्यांना हे लगेच उमगलं. सम्राट मॅक्सिमिलियनने आपल्या मुलखात या आपोआप पेटणाऱ्या बंदुकांवर १५१७ च्या सुमारास बंदी घातली. अशा बंद्यांचं जे होतं तेच झालं.

हे यंत्र महाग होतं, म्हणून पहिल्यांदा ते पैसेवाल्यांकडे गेलं. ज्या सरदारांच्या घोड्यांना शेतकऱ्यांच्या नळीने उधळवलं होतं, त्यांच्याच नातू-पणतूंनी आता भाला टाकून खोगिराला पिस्तुलांची जोडी लटकवली. काळ्या चिलखतातले जर्मन ‘राइटर’ फ्रान्सच्या धर्मयुद्धांत रांगेने पुढे येत, बार काढत, वळून मागे जात आणि पुन्हा भरत. फ्रेंच सेनानी ला नू याने त्या शतकाच्या अखेरीस लिहिलं की पिस्तूलवाल्या स्वारांपुढे भालाईत टिकत नाहीत. सरदारी भाल्याचा निकाल लागला.

लपवता येणाऱ्या हत्याराचा दुसरा उपयोगही लवकरच दिसला. १० जुलै १५८४ रोजी डेल्फ्ट शहरात डच बंडाचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज जेवण आटोपून जिन्याकडे निघाला असताना बाल्थासार जेरार या कॅथलिक तरुणाने जवळून पिस्तूल झाडलं. गरिबीचं सोंग करून विल्यमकडूनच मिळवलेल्या पैशांतून त्याने ते विकत घेतलं होतं, असं सांगतात. राज्याच्या प्रमुखाचा पिस्तुलाने झालेला हा पहिला खून मानला जातो. भिंतीतली गोळ्यांची भोकं त्या वाड्यात काचेआड जपून ठेवली आहेत.

हिंदुस्थानात आधी आली ती गाडी. हंगेरीच्या यानोश हुन्यादीने चेक शिपायांकडून गाड्यांचा कोट उचलला, त्याच्याशी लढता लढता तुर्कांनी तो आत्मसात केला, आणि तुर्की पद्धत बाबराकडे पोचली. २१ एप्रिल १५२६ च्या पानिपताआधी त्याने सातशे गाड्या गोळा केल्या, कातडी दोरांनी एकमेकींना जखडल्या आणि मधून तोडेवाले बसवले. ‘रूमी रिवाजाप्रमाणे’ हे केलं, असं बाबरनाम्यात तो स्वतःच नोंदवतो. या रिवाजाच्या घडणीत एका आंधळ्या चेक म्हाताऱ्याचा हात होता, हे त्याच्या कानावर येण्याचा प्रश्न नव्हता. इब्राहीम लोदीचं घोडदळ आणि हत्ती त्या गाड्यांपुढे अडले ते अडलेच.

नाव मात्र पश्चिमेकडून, समुद्रमार्गे आलं. फारसी-तुर्की घराण्यातला ‘तमंचा’ उत्तरेत रुळला होता. कोकणपट्टीला गोव्याचा शेजार, म्हणून इथे ‘पिस्तोला’ची वाट मोकळी होती. कंपनी सरकारच्या काळात इंग्रजी ‘पिस्टल’ने त्याला दुजोराच दिला असणार. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणं गुन्हा ठरलं, आणि मॅक्सिमिलियनच्या बंदीसारखीच याही बंदीला वाट सापडली. लंडनहून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुलं पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईला धाडली. त्यांपैकी एक अनंत कान्हेरे या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती पोचलं. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, ‘संगीत शारदा’चा प्रयोग पाहायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर त्याने ते झाडलं. कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. नेमाची पर्वा न करता जवळून काढायचा बार हे या हत्याराचं मूळ लक्षण पाचशे वर्षांनीही बदललेलं नव्हतं.

बोहेमियात या शब्दाचं पुढे काय झालं, तेही पाहण्यासारखं आहे. चेक सैन्य हॉवित्झरला आजही होउफ्नित्सेच म्हणतं. पण पीश्त्याला हा शब्द तिथे हत्यारापासून कधीच सुटला. आज तो पाव्याला लागतो, चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्यांना लागतो, आणि फुटबॉलच्या पंचाची शिट्टी म्हणजे त्याचंच लहान रूप. मग पिस्तुलाला चेक लोक काय म्हणतात? ‘पिस्तोले’. जर्मनांनी आपल्याकडून नेलेला शब्द त्यांनी जर्मनांकडूनच परत घेतला, घासूनपुसून, ओळख न पटेल अशा रूपात. उहेर्स्की ब्रोदच्या कारखान्यात बनणारी सीझेड पिस्तुलं आज जगभर विकली जातात, आणि चेक भाषेत त्यांना लागतो तो हाच परका झालेला शब्द.